पत्राखालची सही

वर्तमानपत्र हातात आले की अग्रलेखाच्या आधी मी वाचकांची पत्रे वाचतो. खोड जुनी आहे. अग्रलेखातून संपादकाचे मत कळते, पत्रांतून गावातली भांडणे कळतात. त्यातही माझी नजर आधी खालच्या सहीवर जाते. ‘एक त्रस्त करदाता’, ‘सत्यप्रिय’, ‘तटस्थ’. ‘तटस्थ’ अशी सही करणारा माणूस तटस्थ निघाल्याचे मला तरी अजून आढळलेले नाही. नाव झाकून लिहिणाऱ्यांत भेकड असतात, खोडसाळही असतात. पण काही माणसे अशीही असतात की त्यांना नाव लावून लिहिण्याची सोयच नसते. या तिसऱ्या जातीच्या सह्यांचे मला अनेक वर्षे कुतूहल आहे.

मराठीला ही परंपरा नवी नाही. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली, आणि सरकारी नोकरीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी पुण्याच्या ब्राह्मणांना जे सुनवायचे ते सुनवले. शतपत्रांवर भरपूर लिहिले गेले आहे, तेव्हा तिकडे वळत नाही. मला ज्या सहीने धरून ठेवले ती सदतीस वर्षांनंतरची आहे. वर्तमानपत्र मुंबईचेच, पण इंग्रजी: ‘टाइम्स ऑफ इंडिया’. २६ जून १८८५ च्या अंकातल्या बालविवाहावरच्या पत्राखाली सही होती ‘अ हिंदू लेडी’. सप्टेंबरात त्याच सहीने दुसरे पत्र आले, विधवांवर लादलेल्या वैधव्याबद्दल.

त्या वेळी हा विषय सगळ्यांच्या तोंडी होता. आदल्या वर्षी, ऑगस्ट १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे काढून सरकारदरबारी आणि देशभरच्या पुढाऱ्यांकडे धाडली होती. ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देऊ नये, अशीही एक सूचना त्यांत होती. टिपणांवर मतांचा पाऊस पडला. न्यायाधीश बोलले, शास्त्री बोलले, वकील बोलले, कलेक्टर बोलले. जिच्याबद्दल हे सारे चालले होते ती बाई तेवढी कुठे दिसत नव्हती. त्या रकान्यात ती या सहीने शिरली.

पत्राचा सूर विनवणीचा नव्हता. बालपणीच्या लग्नाने आपल्याला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट, म्हणजे शिकण्याची आणि मनाची वाढ करण्याची मोकळीक, हिरावून घेतली. काही अपराध नसताना कोंडून राहावे लागले. अडाणी बहिणींपेक्षा वर येण्याच्या प्रत्येक इच्छेकडे संशयाने पाहिले गेले, असे ती लिहिते. पुढे ती शास्त्रांकडे वळते. शास्त्रकार पुरुष होते, म्हणून त्यांनी स्वतःला थोर आणि पवित्र रंगवले आणि सगळी पापे बायकांच्या माथी मारली, असा तिचा मुद्दा. १८८५ सालच्या मुंबईत हे इतक्या सडेतोडपणे छापून यावे याचे मला आजही नवल वाटते. संपादकाने ते छापले, यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ.

पत्र वाचून मुद्द्याला उत्तर देता येते. ते जमत नसेल तर दुसरा रस्ता मोकळा असतो: हे लिहिले कोणी, असे विचारायचे. हिंदू बाईला इतके सफाईदार इंग्रजी कुठून येणार, पडद्यामागे कोणी सुधारक नाहीतर साहेब असणार, अशा शंका घेणारे होतेच. शंका घेणाऱ्याला एक मोठा फायदा मिळतो. पत्र बाईचे नाही असे एकदा ठरवले की त्यातल्या दुःखालाही उत्तर द्यावे लागत नाही.

पत्र बाईचेच होते. लिहिणारी विशीतली होती, गिरगाव-काळबादेवीच्या त्याच मुंबईत राहत होती, आणि तिच्यावर हायकोर्टात दावा चालू होता.

ती म्हणजे रखमाबाई. त्यांची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म १८६४ चा, सुतार जातीत. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. जातीत पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सखाराम अर्जुन म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हाच्या संस्थापकांतल्या दोन हिंदी गृहस्थांपैकी एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. वडिलांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावे झाली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी त्यांचे लग्न लागले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक सहवासाचा हक्क पुन्हा मिळावा असा दावा लावला. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले आणि दोन महिन्यांनी ते पहिले पत्र आले. घरातला कर्ता आधार गेल्यावर लेखणी उचलणे हे मला त्या पत्रातल्या कुठल्याही वाक्याहून धीराचे वाटते.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जे दोघे कधी एकत्र नांदलेच नाहीत त्यांना ‘पुन्हा’ एकत्र आणायचे कसे, असा त्यांचा रोख होता. असल्या दाव्याची कल्पनाच इंग्लंडातून आली, हिंदू धर्मशास्त्रात तिला जागा नाही, हेही त्यांनी सांगितले. आणि मुंबई-पुण्याच्या पत्रांत रान पेटले. मलबारींचा ‘इंडियन स्पेक्टेटर’ आणि शहरातली इंग्रजी दैनिके एका बाजूला. ‘नेटिव्ह ओपिनियन’, ‘मराठा’, ‘केसरी’ दुसऱ्या बाजूला. टिळकांची भूमिका पुढे सगळ्यांना माहीत झाली: विवाह हा संस्कार आहे, तो झाला की बायकोने नवऱ्याकडे जाणे हा धर्म, आणि परक्या न्यायाधीशाने आमच्या धर्मात हात घालू नये.

या युक्तिवादाची मला गंमत वाटते. नवऱ्याने कोर्टात जाऊन बायको परत मागायची, हा दावा मुळात इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतला. तो इथल्या कोर्टांत साहेबाच्या कायद्याबरोबर आला. म्हणजे धर्म वाचवायला निघालेली मंडळी ज्या हत्याराच्या बाजूने उभी होती ते विलायतेहून आलेले होते. आणि तिकडे इंग्लंडात १८८४ सालीच, दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकण्यात आली होती. दुसरीही एक गोष्ट राहून राहून खटकते. ज्या घराचा हा तंटा होता त्या घरात पुनर्विवाह उजळमाथ्याने झाला होता. त्या जातीची रीत काय, हे तिथल्या माणसांना विचारायचे सोडून ब्राह्मण संपादक आपल्या घरचे शास्त्र सगळ्या हिंदूंच्या नावाने सांगत होते.

दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात काहीच नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. परके सरकार एका घरात कायद्याने शिरले की उद्या कुठे थांबेल, ही भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीची किंमत एका बाईने भरावी असे म्हणणारे स्वतः काय भरणार होते, याचा हिशेब मला कुठल्याच अग्रलेखात लागत नाही. खुद्द ‘केसरी’च्या चालकांत याच सुमारास सामाजिक प्रश्नांवरून दोन तट पडत होते. आगरकर ऑक्टोबर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला.

अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये पिन्हींचा निकाल फिरवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. आता सही झाकण्यात अर्थ उरला नव्हता. एप्रिलमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचे पत्र आले.

इथवरचा भाग बहुतेक पुस्तकांत सापडतो. मला स्वतःला रस आहे तो त्या वर्षीच्या दोन लेखनांत, कारण तिथे तत्त्वाचा वाद संपून घरचा हिशेब सुरू झाला. १८८७ मध्ये दादाजींनी खटल्यातल्या ‘काही वस्तुस्थिती’ची फोड करणारी इंग्रजी पुस्तिका काढली. तिचे सार असे: बायकोच्या मनात माझ्याविषयी काही नव्हते, तिला फितवले तिच्या आईने आणि आजोबांनी, आणि त्यामागे वडिलांकडून आलेल्या मालमत्तेचा मोह. तिच्या शिक्षणाचा, संमतीचा, बालविवाहाच्या प्रश्नाचा या गोष्टीशी संबंधच नाही. वादाच्या डावपेचांत ही चाल मुरलेली आहे. तत्त्व हातचे गेले की पैसा पुढे आणायचा. तत्त्वावर सगळ्यांना मत देता येत नाही, पण पैशावरून कोण कोणाला फितवतो हे चाळीतल्या प्रत्येक दाराआड माहीत असते.

दादाजींचे शिक्षण बेताचेच होते. त्या पुस्तिकेचे इंग्रजी त्यांचे स्वतःचे असेल असे मला वाटत नाही. ‘हिंदू लेडी’ला विचारलेला प्रश्न न्यायाने त्यांनाही विचारायला हवा होता.

रखमाबाईंनी उत्तर दिले ते ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये, २९ जून १८८७ च्या अंकात, उघड नावाने. नवरा-बायकोचे भांडण शहराच्या दैनिकात मुद्देसूद चालल्याचे याआधीचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. हे उत्तर वाचताना आधीच्या दोन पत्रांतली बाई वेगळीच वाटू लागते. तिथे ती सगळ्या हिंदू बायकांच्या वतीने बोलत होती. इथे ती स्वतःच्या घराचे दार उघडून आत काय घडले ते क्रमाने सांगते. दादाजींनी घरजावई म्हणून राहायचे, शिकायचे, मार्गाला लागायचे, असे लग्नाच्या वेळी ठरले होते. शाळा त्यांना झेपली नाही. संगत बिघडली, मग क्षयाचे दुखणे आले. नंतर ते मामाच्या घरी राहू लागले आणि त्या घरची वागणूक अशी की तिथे कोणत्याही मुलीने जाऊ नये. स्वतःला न्हाण आले तेव्हा सखाराम अर्जुन यांनी, वैद्यकाच्या माणसाला शोभेल अशा ठामपणाने, इतक्या लहान वयात संबंध होऊ दिला नाही, हेही ती लिहून जाते. मालमत्तेवर डोळा कोणाचा होता, हा प्रश्न तिने सरळ मामाच्या घराकडे वळवला.

हे उत्तर छापून आले नसते तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्या सुधारकांशी मी सहमत होऊ शकत नाही. त्यांच्या दृष्टीने चळवळीची प्रतिमा मळली असेल. मळणारच होती. संमती हा शब्द भाषणात सोज्वळ दिसतो. कोण कुठे निजणार, खर्च कोण देणार, दुखणाईत माणसाची सेवा कोण करणार, हे आले की तो घरगुती आणि अवघड होतो. सनातन्यांनी रखमाबाईंना बंडखोर ठरवले, सुधारकांनी देवी केले. ‘गॅझेट’मधल्या उत्तरात या दोघींपैकी कोणीच नाही. तिथे आपल्या बाजूचे पुरावे नीट लावून मांडणारी, चिडलेली, हुशार तरुणी आहे. मला ती सगळ्यात खरी वाटते.

पुढचे थोडक्यात. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी सोडून दिली. महाराणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून लग्न मोडले, ही लोकप्रिय कथा आहे. तंटा मिटवला तो या दोन हजार रुपयांनी. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी पाठबळ दिले, रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट इथे त्यांनी बायकांवर उपचार करण्यात आयुष्य घालवले. दादाजी १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेचा वेष घेतला. याचा अर्थ लावण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला होत नाही. ज्या बाईने तीस वर्षांची होण्याआधी आपल्या आयुष्याचा एवढा खुलासा छापून दिला, तिने पुढचा खुलासा न देण्याचा हक्क कमावला होता.

कायद्याचे मात्र राहून गेले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम ९ मध्ये तोच दावा, नवरा आणि बायको दोघांसाठीही, आजपर्यंत शिल्लक आहे. कायदा अमलात आला मे महिन्यात. रखमाबाई गेल्या त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सरोज राणी खटल्यात ते वैध धरले. पिन्हींनी ज्या गोष्टीला परकी म्हटले होते तिला आपण संसदेत मान्यता देऊन बसलो आहोत.

म्हणून टोपणनावाच्या पत्रांबद्दल माझे मत पक्के आहे. पत्र निनावी आहे एवढ्यावरून ते केराच्या टोपलीत टाकणारा संपादक स्वतःला जबाबदार समजतो. त्या धोरणाने १८८५ चे पत्र छापलेच गेले नसते. संपादकाला लिहिणाऱ्याचे नाव माहीत असावे, ते त्याने जपावे, आणि पत्रातल्या मुद्द्याला उत्तर मागावे; एवढी शिस्त पुरे आहे. उरलेली जबाबदारी वाचकांची. हे कोणी लिहिले, हा प्रश्न जरूर विचारावा, पण मुद्द्याला उत्तर दिल्यावर.