अपूर्ण इमारत आणि कायदा : बांधकामाच्या काळात प्रवर्तकापुढे उभे राहणारे प्रश्न

विक्रीचा सामान्य व्यवहार अस्तित्वात असलेल्या वस्तूविषयी होतो. जमीन, बैल किंवा धान्य विकताना वस्तू दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर असते, आणि कायद्याचे काम मुख्यतः स्वामित्व केव्हा व कसे बदलले हे ठरविण्याचे असते. बांधकामाधीन सदनिकेच्या व्यवहारात मात्र वस्तू नसते. असतो तो नकाशा, आणि नकाशाबरोबर दिलेले वचन. करारावर सही होणे आणि घराची किल्ली हाती येणे यांच्यामध्ये कित्येक वर्षे जातात. या वर्षांत जमिनीचे कायदेशीर स्वरूप, बांधकामाचे नियम, मूळ नकाशा, बाजारातील पैशाची स्थिती यांपैकी काहीही बदलू शकते. इमारत बांधून विकणारा, म्हणजे कायद्याच्या परिभाषेतील ‘प्रवर्तक’, बांधकामाच्या काळात ज्या कायदेशीर अडचणींत सापडतो, त्यांतील बहुतेकांचे मूळ या कालांतरात आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कायदे व सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय यांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे.

१. पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची जी तीव्र टंचाई निर्माण झाली, तिच्यातून मालकी हक्काच्या सदनिकांचा व्यवहार वाढला, आणि त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. या तक्रारींची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने मे १९६० मध्ये एक समिती नेमली. तिच्या अहवालानंतर सदनिकांच्या मालकी हक्काबाबतचा १९६३ चा अधिनियम झाला. किमतीच्या एकपंचमांशापर्यंतची आगाऊ रक्कम सोडता त्याहून अधिक पैसे घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदविणे, जमिनीवरील आपल्या हक्काची व मंजूर नकाशांची पूर्ण माहिती देणे, घेतलेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि अखेरीस खरेदीदारांच्या संस्थेला जमीन व इमारत अभिहस्तांतरित करून देणे, ही कर्तव्ये या अधिनियमाने प्रवर्तकावर टाकली. पुढे संसदेने स्थावर संपदेच्या नियमनाचा २०१६ चा अधिनियम केला. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. पहिल्या कायद्याचा भर माहिती उघड करण्यावर होता. दुसऱ्याचा भर वेळ पाळण्यावर आहे. या दोन भरांमधील अंतर ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

२. जमिनीचा हक्क

पहिली अडचण पायाखालच्या जमिनीची. आपल्याकडे हक्काचे निर्णायक प्रमाणपत्र देणारी व्यवस्था नाही. सातबाराच्या उताऱ्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे १५७ वे कलम सांगते. नोंदीने स्वामित्व निर्माण होत नाही. त्यामुळे प्रवर्तकाने कितीही काळजीपूर्वक शोध घेतला, तरी त्याला दिसते ते केवळ अभिलेखात उमटलेले.

मुंबई परिसरातील खाजगी वनांचा वाद हे याचे बोधप्रद उदाहरण होय. भारतीय वन अधिनियमाच्या ३५ व्या कलमाखाली १९५६-५७ च्या सुमारास काही जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढण्यात आल्या होत्या. पुढे १९७५ च्या कायद्याने खाजगी वने शासनाकडे निहित झाली, आणि ज्या जमिनीविषयी अशी नोटीस ‘काढलेली’ आहे तीही वनाच्या व्याख्येत आली. मध्यंतरी त्याच जमिनींवर रीतसर परवानग्या मिळून इमारती उभ्या राहिल्या, लोक राहावयास आले. त्यानंतर कित्येक दशकांनी महसुली अभिलेखात त्या जमिनी वन म्हणून नोंदविण्याची कारवाई सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये शासनाची बाजू मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी तो निर्णय फिरविला. नोटीस ‘काढणे’ याचा अर्थ ती संबंधितावर बजावणे असाच घेतला पाहिजे, आणि पुढील कारवाईवाचून दशकानुदशके पडून राहिलेली नोटीस जिवंत मानता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मालकांचा व रहिवाशांचा विजय झाला खरा. पण मधल्या वर्षांत त्यांचे व्यवहार टांगणीला लागलेच होते.

अशा प्रसंगी खरेदीदाराविषयीचे उत्तरदायित्व कोणाचे? २०१६ च्या अधिनियमाच्या १८ व्या कलमाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जमिनीच्या हक्कातील दोषामुळे खरेदीदाराचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावी, आणि या मागणीला कोणत्याही कायद्याने घातलेली मुदतीची मर्यादा आड येणार नाही. एका बाजूला हक्काचे निश्चित प्रमाण देऊ न शकणारी अभिलेखपद्धती, आणि दुसऱ्या बाजूला त्याच हक्काची अमर्याद काळाची हमी, अशी ही विषम स्थिती आहे.

३. परवानगीचे स्वरूप

बांधकामाची परवानगी हा एकच दस्तऐवज असतो अशी सामान्य समजूत आहे. वास्तविक ती एक साखळी असते. नकाशांची मंजुरी, जोत्यापर्यंतचे प्रारंभ प्रमाणपत्र, त्यापुढील मजल्यांचे प्रमाणपत्र, अग्निशमन, पर्यावरण, प्रसंगी किनारपट्टी नियमन, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, असे हे टप्पे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ४५ व्या कलमानुसार अर्जावर साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. पण त्या मानीव परवानगीखाली होणारे बांधकामही विकास नियंत्रण नियमांशी सुसंगत असावेच लागते. म्हणजे प्राधिकरणाचे मौन हे नियमभंगाला अभय देत नाही.

याहून महत्त्वाचा सिद्धान्त असा की, प्राधिकरणाची लेखी संमतीदेखील असे अभय देत नाही. केरळातील मरडू येथील उंच इमारतींना स्थानिक पंचायतीने परवानग्या दिल्या होत्या. पण किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकांनी पाडण्यात आल्या. मुंबईतील कॅम्पा कोला आवाराच्या प्रकरणात परवानगीचीच मर्यादा ओलांडून मजले चढविले गेले होते. तेथील रहिवाशांची अनधिकृत मजले नियमित करण्याची मागणी न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१३ रोजी फेटाळली. दोन्ही ठिकाणी घरे घेणारी कुटुंबे नियमभंगात सहभागी नव्हती. तरीही त्यांच्याविषयीची सहानुभूती नियोजनाच्या कायद्यावर मात करू शकली नाही. यावरून असे म्हणावे लागेल की, परवानगी ही प्रवर्तकाच्या दृष्टीने आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे.

४. नकाशातील बदल

तिसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. बांधकाम चालू असताना नियम बदलून चटई क्षेत्र निर्देशांक वाढला, किंवा हस्तांतरणीय विकास हक्क वापरण्याची मुभा मिळाली, तर या वाढीव क्षेत्राचा लाभ कोणाचा? प्रवर्तक म्हणतो, अभिहस्तांतरण होईपर्यंत जमीन माझी आहे. खरेदीदार म्हणतो, ज्या मोकळ्या जागेकडे पाहून मी घर घेतले तीच तुम्ही बांधून काढीत आहात.

१९६३ च्या अधिनियमाच्या ७ व्या कलमाने खरेदीदारांच्या पूर्वसंमतीवाचून नकाशात बदल करण्यास मनाई केली. न्यायालयांनी या तरतुदीचा कडक अर्थ लावल्यावर विधिमंडळाने १९८६ साली दुरुस्ती करून, मंजूर आराखड्यातील इतर इमारतींच्या बांधकामास ही अट लागणार नाही, असे पूर्वलक्षी प्रभावाने ठरविले. पुढे जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार सहकारी गृहनिर्माण संस्था या २००७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीचा पाया दाखवून दिला. संमतीतून मिळणारी ही सुटका पूर्ण प्रकटनाशी बांधलेली आहे. संपूर्ण भूखंडावर आपण काय काय बांधणार आहोत, हे प्रवर्तकाने आरंभीच खरेदीदारापुढे ठेवले असेल, तरच पुढील इमारतींसाठी त्याला पुन्हा संमती मागावी लागणार नाही.

२०१६ च्या अधिनियमाच्या १४ व्या कलमाने या वादाला नवे परिमाण दिले. मंजूर आराखड्यात किंवा सामाईक क्षेत्रात बदल करावयाचा असल्यास प्रवर्तकाखेरीज इतर खरेदीदारांपैकी किमान दोनतृतीयांशांची लेखी पूर्वसंमती लागते, आणि एका खरेदीदाराच्या नावे कितीही सदनिका असल्या तरी त्याचे मत एकच गणले जाते. या संमतीचे महत्त्व किती आहे ते नोएडातील जोडमनोऱ्यांच्या प्रकरणात दिसून आले. तेथे उत्तर प्रदेशाचा २०१० चा सदनिकाविषयक कायदा लागू होता. इमारतींमधील किमान अंतराचा नियम मोडून आणि आधीच्या रहिवाशांची संमती न घेता मनोरे उभारले गेले होते, आणि प्राधिकरणाने त्यांना मंजुरीही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडण्याचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी मनोरे जमीनदोस्त झाले.

५. विलंब

विलंबाच्या बाबतीत दोन विचारधारा एकमेकींना छेद देतात. पहिली १८७२ च्या करार अधिनियमातील. सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगड या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात कलकत्त्यातील एका वसाहत-योजनेचा प्रश्न होता. भूखंडाचा करार १९४० साली झाला, आणि पुढे युद्धकाळात सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली. करार विफल झाला, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने ते नाकारले. कामासाठी निश्चित मुदत ठरलेली नव्हती, युद्ध चालू असतानाच करार झाला होता, आणि अडथळ्याने कराराचा पायाच उखडला गेला असे म्हणता येत नव्हते. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निर्णयात नाशिकच्या डाव्या कालव्यावरील जलसेतूच्या कंत्राटाचा विचार झाला. ज्या बांधकाम-कंत्राटात मुदतवाढीची व विलंबाबद्दल दंडाची तरतूद आहे, तेथे काळ हे कराराचे सारतत्त्व आहे असे सामान्यतः मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. विलंब हा बांधकामाचा स्वभाव आहे, हे येथे कायद्याने एका अर्थी मान्य केले.

दुसरी विचारधारा २०१६ च्या अधिनियमाची. त्याच्या ६ व्या कलमात अपरिहार्य आपत्तीची व्याख्या युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक आपत्ती एवढ्यापुरतीच आहे. मजुरांची टंचाई, पोलादाची भाववाढ, परवानगीतील दिरंगाई यांना तीत स्थान नाही; प्रवर्तकाचा दोष नसल्यास प्राधिकरण अधिकाधिक एक वर्षाची वाढ देऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ च्या निर्णयात स्पष्ट केले की, नोंदणीच्या वेळी प्रवर्तकाला नवी तारीख जाहीर करता येते. पण त्यामुळे खरेदीदाराशी झालेल्या करारातील तारीख पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. ठरल्या तारखेस ताबा न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागण्याचा खरेदीदाराचा हक्क निरपेक्ष आहे. अकल्पित घटना किंवा न्यायालयाची स्थगिती यांचा त्यावर परिणाम होत नाही.

या दोन धारांमध्ये प्रवर्तक मध्यभागी उभा आहे. कंत्राटदाराशी असलेल्या त्याच्या नात्यात काळ बहुधा लवचिक. खरेदीदाराशी असलेल्या नात्यात तो वज्रलेप. कंत्राटदाराला न्याय्य कारणासाठी सहा महिन्यांची वाढ दिली, तर त्या सहा महिन्यांचे व्याज खरेदीदाराला द्यावे लागते, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याचा दर भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमान्त कर्जदराहून दोन टक्क्यांनी अधिक असतो. त्यातच जमा रकमेपैकी सत्तर टक्के पैसा त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करण्यासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक असल्याने एका प्रकल्पाची तूट दुसऱ्याच्या पैशाने भरून काढण्याची जुनी वाट बंद झाली आहे. ती बंद होणे योग्यच होते. अनेक अर्धवट सांगाडे त्याच वाटेवर उभे राहिले.

६. जोखमीची वाटणी

वरील चारही प्रश्नांत न्यायाची दिशा एकच आहे. जोखीम प्रवर्तकाने सोसावी. कारण खरेदीदारापाशी माहिती नाही, पर्याय नाही, आणि बहुधा आयुष्याची पुंजी गुंतलेली आहे. या भूमिकेच्या न्याय्यतेविषयी वाद करण्याचे कारण नाही.

तथापि या त्रिकोणातील तिसरा कोन विवेचनातून निसटतो. तो म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण. दिलेली परवानगी मागे घेतल्यास झालेल्या खर्चाची भरपाई मागण्याची तरतूद १९६६ च्या अधिनियमाच्या ५१ व्या कलमात आहे. परंतु विलंबाने दिलेल्या परवानगीबद्दल किंवा नियमबाह्य परवानगीवर विसंबलेल्या कुटुंबांबद्दल प्राधिकरणाच्या आर्थिक उत्तरदायित्वाची तितकी स्पष्ट तरतूद आढळत नाही. मरडू प्रकरणात प्रत्येक सदनिकाधारकास पंचवीस लाख रुपयांची अंतरिम भरपाई राज्याने प्रथम द्यावी व नंतर ती बांधणाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयाला त्या प्रसंगापुरता द्यावा लागला. पीडिताला आधी हाती पैसे आणि जबाबदारीची वाटणी नंतर, हे त्यामागील तत्त्व सामान्य नियमाच्या रूपात येऊ शकेल काय, हा नगररचना, करार व प्रशासकीय कायदा या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे हाताळण्याजोगा विषय आहे. तोवर नियमातील संदिग्धतेचे व कचेरीतील दिरंगाईचे मोल आधी प्रवर्तकाच्या हिशेबात पडेल, तेथून ते सदनिकेच्या किमतीत चढेल, आणि प्रवर्तक बुडाला म्हणजे, ज्याने केवळ नकाशा पाहून घर घेतले, त्याच्याच माथी येईल.