नाट्यगृह भाड्याने घेताना मंडळांनी काय पाळावे?



पूर्वी गावातले नाटक जत्रेत, पारावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर व्हायचे. आता गावची नाट्यमंडळे, गणेश मंडळे, महिला मंडळे, इतकेच काय शाळासुद्धा परभणीला किंवा तालुक्याच्या गावी सभागृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण कार्यक्रम संपल्यावर अनामत रकमेवरून वाद, मोडक्या खुर्च्या आणि एकमेकांकडे बोट दाखविणे हेही घडते. याचे मूळ एका चुकीच्या समजुतीत आहे. "भाडं भरलं, आता हॉल आपला!" तसे नसते. भाड्याने मालकी मिळत नाही, ठरलेल्या तासांपुरती जबाबदारी मिळते. ती कोणती, हे क्रमाने पाहू.

१. नोंद आणि अटी

ज्याच्या नावावर उसाची नोंद, तोडीची पाळी त्याची. सभागृहाचेही तसेच आहे. अर्ज मंडळाच्या नावाने करावा आणि सही करणाराला मंडळाने ठराव करून अधिकार द्यावा, कारण उद्या व्यवस्थापन त्यालाच विचारणार. आपली तारीख परस्पर दुसऱ्या मंडळाला देऊ नये. भाडे बहुधा सत्रावर असते. पडदे-नेपथ्य लावण्याचा व काढण्याचा वेळ त्याच सत्रात धरतात की वेगळा, हे आधीच विचारून घ्यावे. भाडे, अनामत, वीज, सफाई, आणि तारीख रद्द केल्यास किती रक्कम कापणार, हे सारे लेखी घ्यावे. वजनकाट्याची पावती आपण जपतो, तशीच ही पावती जपावी.

२. परवाने

परवाना म्हटले की आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडायची. त्याला कारणही होते. निजामी राजवटीत १९२९ साली निघालेल्या गश्ती निशान ५३ मुळे जाहीर सभेलासुद्धा आधी परवानगी काढावी लागे. ती राजवट १९४८ साली संपली. आज करमणुकीच्या कार्यक्रमांचे परवाने १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखालच्या नियमांनुसार दिले जातात. जागेचा परवाना सभागृहाच्या मालकाने घ्यायचा असतो. कार्यक्रमाची परवानगी काढणे हे मंडळाचे काम. नाटक असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. हे आठ दिवसांत उरकेल असे धरून चालू नये.

कर्ण्याचेही ध्यानात ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहात, आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर सूट आहे. पण गर्दी जास्त झाली म्हणून फाटकावर कर्णा लावला, तर ती सूट लागू होत नाही.

३. लेखकाचा हक्क

नाटकाचे पुस्तक विकत घेतले म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला असे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. राम गणेश गडकरी १९१९ साली वारले, त्यांची नाटके आता खुली आहेत. विजय तेंडुलकर २००८ साली वारले, त्यांच्या नाटकांना परवानगी लागणारच. हौशी मंडळाने फुकट प्रयोग केला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर १९५७ च्या कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून इतर कामासाठी पैसे जमवायचे असतील, तर आधी लेखी परवानगी आणि ठरलेले मानधन.

४. खुर्च्या तेवढीच माणसे

सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. गावची पोरं नाटकात म्हटल्यावर अख्खा गाव ट्रॅक्टर-टेम्पोने येतो. मग "दोन ओळी वाढवा हो" असा आग्रह होतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी विजेच्या रोहित्राला आग लागून धूर वर चढला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून एका बाजूची वाट अडवलेली होती. ५९ माणसे गेली. म्हणून जागा असतील तेवढेच पास छापावेत. मधल्या वाटेत खुर्ची नको, पायऱ्यांवर माणूस नको. फुकटे शिरतात म्हणून दाराला कडी-कुलूप तर मुळीच नको. प्रत्येक दाराशी एक जाणता स्वयंसेवक उभा करावा.

५. वीज आणि आग

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली सुरू झालेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. आत प्रयोग चालू नव्हता म्हणून माणसे वाचली. नाट्यगृहात लाकूड आणि कापड भरपूर असते. आग धरायला वेळ लागत नाही. तारेच्या एका ठिणगीने उभा फड जळतो, हे आपल्याला सांगायला नकोच. बाहेरचे दिवे लावायचे तर सभागृहाच्या वायरमनला विचारूनच. आकडा टाकणे, उघड्या वायरी जोडणे बंद. रंगमंचावर फटाके, मशाल, पेट्रोल नको. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच कसला? आपलीच लेकरे आत बसणार आहेत.

६. ताबा घेताना आणि देताना

चावी घेताना व्यवस्थापकासोबत एक फेरी मारा. मोडक्या खुर्च्या, फाटका पडदा, बंद नळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर आधीच्या मंडळाचे नुकसान तुमच्या अनामतीतून जाईल. रंगमंचावर खिळे ठोकू नयेत, भिंतींना खळ लावू नये. शेवटी पुन्हा तशीच फेरी मारून अनामत परत मिळण्याची तारीख लिहून घ्यावी.

तारीख घेण्यापूर्वी मंडळाची बैठक बोलवा आणि कामे नावानिशी वाटून द्या: एकाकडे कागदपत्रे, एकाकडे दारे, एकाकडे वीज, एकाकडे सफाई. "सगळ्यांचं काम" म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.