रेडियमची पट्टी आणि आजोबांचं घड्याळ

रायपूरच्या बूढापाऱ्यातून रात्री गाडी काढली की पुढच्या मालवाहू गाडीची लाल-पांढरी पट्टी दिव्यात झगमगते. रस्त्यात बसलेल्या गायीच्या गळ्यातला पट्टाही चमकतो. नंबरप्लेटवाल्यापासून घरातल्या काकूंपर्यंत सगळे त्याला ‘रेडियम’च म्हणतात. मग कुणीतरी काळजीने विचारतं: हे किरणोत्सर्गी असतं ना? मुलांनी हात लावला तर?

खुशाल लावू द्या. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. असतात ते काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक. पडलेला प्रकाश ते आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणून दिवा विझला की पट्टीही अंधारात बुडते. छतावर चिकटवायचे तारे अंधारात उजळतात खरे, पण आधी शोषलेल्या उजेडाच्या जोरावर. म्हणूनच ते हळूहळू मंदावतात.

खरं रेडियम सापडायचं तर आजोबांच्या कपाटातल्या जुन्या घड्याळात. १८९८ मध्ये मेरी आणि पिअर क्युरी यांनी शोधलेलं हे मूलद्रव्य पुढे घड्याळाच्या आकड्यांसाठी झिंक सल्फाइडमध्ये मिसळू लागले. हिरवट उजेड द्यायचं ते झिंक सल्फाइड. रेडियमचे किरण त्याला अखंड पेटतं ठेवायचे. काही वर्षांत झिंक सल्फाइड झिजतं, आकडे काळे पडतात आणि आपण समजतो, रेडियम संपलं. ते संपत नाही. रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकडीत आजही जवळजवळ ९८ टक्के शिल्लक आहे. काच शाबूत असेल तर धोका फार कमी. पण असं घड्याळ मुलांना उघडायला देऊ नका आणि तो रंग कधीही खरवडू नका. तो पोटात गेला तर काय होतं, हे अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यातल्या मुलींनी भोगलं आहे. १९१७ पासून त्या तबकड्या रंगवत होत्या आणि कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरत होत्या. तसंच शिकवलं होतं त्यांना. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. त्यांचे जबडे सडले, कित्येक तरुणपणीच गेल्या. अखेर १९२८ मध्ये कंपनीने पाच जणींशी तडजोड केली.

कॅन्सरच्या उपचारांत पूर्वी रेडियमच्या सुया वापरत. आता कोबाल्ट-६० आणि इरिडियम-१९२ यांनी त्यांची जागा घेतली आहे. तरी रेडियम दवाखान्यातून पुरतं गेलेलं नाही: हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडियम-२२३ चं इंजेक्शन देतात.

मला सर्वांत जास्त टोचतो तो मात्र एक वेगळाच गैरसमज. रायपुरात ज्याला ‘सिकाई’ म्हणतात, ते रेडिएशन घेऊन घरी आलेल्या माणसाचं ताट वेगळं ठेवलं जातं, नातवंडांना त्याच्यापासून लांब बसवलं जातं. बाहेरून यंत्राने किरण दिलेला रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याच्याजवळ बसा, त्याच्या पंगतीला जेवा. किरणोत्सर्गी पदार्थ शरीरात सोडून उपचार केले असतील, तरच काही दिवस पथ्यं पाळावी लागतात. ती डॉक्टर सांगतील तेवढीच पाळा.