अनेक म्हणजे काय, ते सांगणाऱ्या अक्का

‘एक अनेक और एकता’ नावाची चित्रफीत तुम्ही पाहिली आहे का? नावावरून कदाचित आठवणार नाही. पण बागेत खेळणारी मुलं, ताईला प्रश्न विचारणारा धाकटा भाऊ, दाणे टिपायला उतरलेली पाखरं आणि जाळ्यासकट आकाशात झेपावलेला त्यांचा थवा, एवढं सांगितलं की चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं. दूरदर्शन हे एकच चॅनेल होतं, त्या काळात ही छोटी चित्रफीत पुन:पुन्हा लागायची.

मी ती अर्नाळ्यात पाहिली. आमच्या आळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता, तोही कृष्णधवल. संध्याकाळी त्या घरची ओटी आणि माजघर पोरांनी भरून जायचं. माझ्या घरात आमची कोकणी मुसलमानी बोली, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी. पण धाकट्यानं ताईला ‘अनेक’ या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा तो प्रश्न आम्हा सगळ्यांचाच झाला. कोणत्याही भाषेतल्या मुलाला पडावा असाच तो प्रश्न होता.

पाखरं जाळं घेऊन उडाली की आम्ही टाळ्या वाजवायचो. शेजारचे एक कोळी काका मात्र मान हलवून म्हणायचे, “पोरांनो, पाखरं सुटली ते बरंच झालं. पण त्या बिचाऱ्याचं जाळं गेलं, त्याचं काय?” ज्याच्या घरासमोर दिवसभर जाळी वाळत पडतात, त्याला दुसरं काय सुचणार? आम्ही हसायचो. आज वाटतं, काकांनी ती चित्रफीत आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतली होती.

काही दिवसांपूर्वी माझ्या पिढीतल्या काही मित्रांना मी विचारलं, ही चित्रफीत कोणी केली? गाणं सगळ्यांना पाठ होतं, नाव एकालाही सांगता आलं नाही. एकजण म्हणाला, “सरकारनं केली.” उत्तर चुकीचं नाही, पण पुरेसंही नाही. सरकार ही काही कागद-पेन्सिल घेऊन बसणारी व्यक्ती नव्हे. सरकारच्या नावामागे कोणीतरी माणूस बसलेला असतो. या चित्रफितीमागे विजया मुळे होत्या. चित्रपटाच्या जगात त्यांना सगळे ‘अक्का’ म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या मातोश्री.

खासगी चित्रपटात निर्माता म्हणजे पैसा घालणारा. सरकारी माहितीपटाचा निर्माता स्वत:चा पैसा घालत नाही, आणि चित्रपट चालला तर त्याच्या खिशात काही येतही नाही. त्याचं काम वेगळं असतं. एखाद्या खात्याला लोकांना काही सांगायचं असतं. त्यातून विषय नक्की करायचा, संहिता लिहून घ्यायची, तज्ज्ञांना आणि वरिष्ठांना ती पटवायची, योग्य माणसं गोळा करायची आणि ठरलेल्या खर्चात काम पुरं करायचं, अशी सगळी मोट त्याला बांधावी लागते. फायलीवर शेरे अनेकांचे असतात. पडद्यावर जे दिसतं ते मात्र एकसंध दिसावं लागतं. म्हणजे हाही ‘एक’ आणि ‘अनेक’ यांचाच खेळ!

आपल्याकडे या परंपरेची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. १९४० साली ब्रिटिश सरकारनं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. त्याच्या निर्मितीची धुरा काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडे होती. पुढे १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था आली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं. चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा वार्तापट दाखवणं परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होतं. आपण त्याला सरसकट ‘न्यूज रील’ म्हणायचो आणि तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन यायचो. धरणं, लसीकरण, कुटुंबनियोजन, पूर, दुष्काळ असं बरंच काही त्या पंधरा-वीस मिनिटांत असायचं. तो प्रेक्षक अंधारात पकडून बसवलेला होता. त्याला बांधून ठेवणं नियमाला जमलं, पण त्याचं मन बांधून ठेवणं फार थोड्या निर्मात्यांना जमलं.

विजयाबाई त्या थोड्यांपैकी होत्या, आणि गंमत अशी की त्या फिल्म्स डिव्हिजनच्या नोकरीत नव्हत्या. त्यांची वाट शिक्षणखात्यातून आली. १६ मे १९२१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. १९४६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. तिथल्या फिल्म सोसायटीत त्यांनी जगभरचा सिनेमा पाहिला. परतल्यावर त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटी उभी करायला हातभार लावला. पुढे दिल्लीत केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यात नोकरी सुरू झाली, तरी हा नाद सुटला नाही. १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष होते आणि विजयाबाई संयुक्त चिटणीस. त्यांनी सेन्सॉर बोर्डातही काम केलं. म्हणजे दिवसा चित्रपट तपासायचे आणि संध्याकाळी चांगला चित्रपट लोकांपर्यंत पोचावा म्हणून धडपडायचं!

कोलकात्याला असताना त्यांनी पहिला माहितीपट केला, ‘द टायडल बोअर’. साल १९६७. हुगळी नदीच्या मुखातून मोठ्या भरतीचं पाणी भिंतीसारखं उभं राहून उलटं वर चढतं. तिथले लोक त्याला ‘बान’ म्हणतात. आपल्या बाजूला वैतरणेच्या मुखाशी भरती आत शिरते, तेव्हा अशी भिंत उभी राहत नाही. पण उधाण कधी, भांग कधी, होडी कोणत्या वेळी लोटायची, याचं गणित अर्नाळ्याच्या प्रत्येक कोळ्याच्या डोक्यात असतं. म्हणून या विषयाची निवड मला फार बोलकी वाटते. चाळिशी उलटलेली एक सरकारी अधिकारी आयुष्यातला पहिला माहितीपट करायला निघते, तेव्हा ती एखादी योजना निवडत नाही, पाण्याचा स्वभाव निवडते. हा माहितीपट फिल्म्स डिव्हिजननं घेतला आणि तो जर्मनीतल्या मॅनहाइमच्या महोत्सवातही गेला.

मग आलं १९७४ साल आणि ‘एक अनेक और एकता’. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी केलेली ही जेमतेम सात मिनिटांची चित्रफीत. दिग्दर्शन विजयाबाईंचं. चित्रं हलती केली भीमसेन यांनी, ज्यांनी पुढे ‘घरौंदा’ काढला. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. संगीत आपल्या कुडाळ भागातल्या वसंत देसाईंचं. आणि आवाज एका चिमुरडीचा, जिला पुढे सगळा देश साधना सरगम म्हणून ओळखू लागला. माणसं पारखून एकत्र आणणं हे निर्मात्याचं खरं कसब. त्याची साक्ष ही श्रेयनामावलीच देते. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला.

चित्रफितीचं बळ कशात आहे? ‘एकता’ हा सरकारी भाषणातला सगळ्यात झिजलेला शब्द. दुसऱ्या कोणी नकाशा, झेंडा आणि रांगेत उभी मुलं दाखवून काम उरकलं असतं. इथे सुरुवात मुलाच्या शंकेपासून होते. एक पाखरू, मग पुष्कळ पाखरं, मग संकट, मग एका दमात घेतलेली झेप, आणि शेवटी जाळं कुरतडायला धावून येणारे उंदीर. पाखरांनी उंदीर व्हावं किंवा उंदरांनी पाखरं व्हावं, असं तिथे कोणी म्हणत नाही. ज्याला जे येतं ते तो करतो. मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता, हा प्रश्न मला आजवर पुष्कळदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. पण तो प्रश्न आला की मला ते उंदीर आठवतात. एकत्र असायला सारखं असावं लागत नाही, हे मी पहिल्यांदा त्या सात मिनिटांत शिकलो.

त्यानंतर ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोचवले गेले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. मुलांच्या कार्यक्रमांची मोठी जबाबदारी विजयाबाईंच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रावर होती. ज्या मुलानं शहर पाहिलेलं नाही, त्याला कळेल आणि आवडेल असं दाखवायचं, ही परीक्षा पहिल्या दिवसापासून होती.

हे सगळं वर्ष आणीबाणीचं होतं, हेही विसरून चालणार नाही. सरकारच्या हाती गावोगावचा पडदा आला की त्यातून शिक्षण जाऊ शकतं, तसा प्रचारही जाऊ शकतो. सरकारी निर्मात्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असते. त्याचे धनी दोन: पगार देणारं खातं आणि समोर बसलेला माणूस. दोघांचं म्हणणं जुळलं तर ठीकच. नाही जुळलं, तर निर्माता कोणाकडे पाहून काम करतो, यावर त्या चित्रपटाचं आयुष्य ठरतं. खात्याकडे पाहून केलेले किती माहितीपट आज डब्यांत पडून आहेत! मुलाकडे पाहून केलेली सात मिनिटं पन्नास वर्षांनंतरही मोबाइलवर पाहिली जातात.

निवृत्तीनंतरही अक्का थांबल्या नाहीत. परदेशी चित्रपटांत भारत कसा दिसला, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २०१० मध्ये आलं, तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याआधी २००२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला होता. १९ मे २०१९ रोजी, अठ्ठ्याण्णवावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, दिल्लीत त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पाटी बदलली, पण तिथे झालेलं काम पुसलं जाऊ नये. आणि काम उरलं तरी करणाऱ्याचं नाव उरतंच असं नाही. ते उरवणं आपल्या हाती आहे.

आजही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाळी वाळत असतात. होडीनं पलीकडे गेलं की किल्ल्यात देऊळ आहे आणि दर्गाही आहे. दोन्हीकडे जाणारी माणसं एकाच होडीतून उतरतात. परवा घरातल्या छोट्या नातीला मी मोबाइलवर ती चित्रफीत दाखवली. संपल्यावर तिनं विचारलं, “नाना, पण त्या माणसाचं जाळं गेलं ना?” मला काका आठवले. मी म्हटलं, “हो गं, गेलं. आपण त्याला नवीन विणून देऊ.” मग तिला चित्रफीत पुन्हा लावून दिली, या वेळी नावांसकट, आणि म्हटलं, “हे बघ, ही गोष्ट या बाईंनी सांगितली. यांना सगळे अक्का म्हणत.”

तुमच्या घरी ती कोणी पाहत असेल, तर तुम्हीही एवढं जरूर सांगा.