वार्धक्य आणि व्यायाम

घरोघरचा नित्याचा प्रसंग घ्या. आजोबा पाणी पिण्यासाठीं उठूं लागतात, तोंच सूनबाई लगबगीनें पुढें होऊन म्हणतात, “मामंजी, आपण बसा, मी आणून देतें.” आजी भाजीची पिशवी उचलतात, तोंच चिरंजीव ती हातांतून काढून घेतात. यांत प्रेम आहे, आदर आहे. परंतु या प्रेमानें वडील माणसांचा तोटाच होतो, असें मीं म्हटलें तर श्रोत्यांनीं रागावूं नये.

स्नायूंचा धर्मच असा कीं, काम असेल तोंवर ते टिकतात. काम संपलें कीं झिजूं लागतात. वयाबरोबर त्यांचा ऱ्हास होतो, हें खरें. तथापि ज्याला आपण वयाचा परिणाम म्हणतों, त्यांतील पुष्कळसा भाग वस्तुतः बसून राहण्याचा असतो. मांड्या दुर्बळ झाल्या कीं उठणें जड जातें. उठणें जड जातें म्हणून माणूस बसून राहतो. आणि त्यामुळें मांड्या अधिकच दुर्बळ होतात. या चक्राचा शेवट कित्येकदां न्हाणीघरांत पडून खुब्याचें हाड मोडण्यांत होतो.

हें चक्र उलट फिरवितां येतें काय? अमेरिकेंतील बोस्टन येथें डॉ. मारिया फियाटारोन व त्यांचे सहकारी यांनीं वृद्धनिवासांतील दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांचें सरासरी वय होतें ९० वर्षें! नऊ जणांनीं तो पुरा केला, आणि त्यांच्या मांड्यांची शक्ति सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. हा प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९९४ सालीं शंभर वृद्धांवरील प्रयोगानें त्यास दुजोरा दिला. मात्र व्यायाम सुटतांच मिळविलेली शक्ति ओसरूं लागते. म्हणून नियमितपणा हवा.

किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टी गांठलेल्यांसाठीं प्रमाण सांगितलें, तें असें: आठवड्यांत निदान १५० मिनिटें भरभर चालण्यासारखा मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंच्या शक्तीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. यांस आखाडा नको. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून शक्य तर हात न लावतां दहा वेळां उठावें-बसावें. ओट्याला धरून टांचा उचलाव्या. आधार जवळ ठेवून क्षणभर एका पायावर उभें राहावें. आरंभ थोडक्यानें करावा. छातींत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारावें.

पूर्वीं पाटावर जेवतांना, देवापुढें बसतां-उठतांना हा व्यायाम नकळत घडे. जेवणाचें टेबल आणि लिफ्ट आल्यापासून तो बुद्ध्या करावा लागतो.

तेव्हां सूनबाईंनीं पाण्याचा तांब्या अवश्य भरून ठेवावा; मात्र तो आरामखुर्चीशेजारीं न ठेवतां खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. वाट कोरडी असावी, उजेड पुरेसा असावा. आजोबांना आपल्या पायांनीं उठून पाणी घेऊं द्यावें. कदाचित् शेजारची मंडळी नांवें ठेवतील. पण ऐंशीव्या वर्षींहि आजोबा कोणाचा हात न धरतां अंगणांत येतील, तेव्हां त्यांचीं तोंडें आपोआप बंद होतील.