बेकारीचा विमा

घरातील कर्ता माणूस तापाने अंथरुणास खिळला, तर शेजारीपाजारी आस्थेने विचारपूस करावयास येतात. तोच माणूस कारखान्यास टाळे लागल्यामुळे घरी बसला, की ‘अजून कुठे जमले नाही का?’ असा प्रश्न कानी येतो. आजार हे दुर्दैव आणि बेकारी हा मात्र त्याचाच दोष, असा हा न्याय!

आपल्या देशातील कामगार विम्यातही बेकारीस दीर्घकाळ स्थान नव्हते. १९४८ च्या कायद्यान्वये कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात यांची तरतूद तीत होती. सुटलेल्या नोकरीची नव्हती. १९५३ साली कामगारकपातीची भरपाई कायद्यात आली खरी. परंतु ती मालकाने द्यावयाची. मालकच बुडाला तर कामगाराने कोणाकडे पाहावे?

मुंबईने हा प्रश्न जवळून पाहिला. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ग्रामीण महाराष्ट्रात १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अमलात होता. गिरणगावाला मात्र तसा आधार नव्हता.

विम्याचे मर्म साधे आहे. अनेकांनी थोडे थोडे साठवावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून द्यावे. बेकारीला हे तत्त्व लागू झाले ते २००५ साली. कारखाना बंद पडल्यास वा कपात झाल्यास विमाधारकास निम्म्या वेतनाइतका भत्ता प्रथम सहा महिन्यांपर्यंत मिळू लागला. २०१८ च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने आणखी एक वाट उघडली. तीत ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजमजुरीच्या २५ टक्के साहाय्य होते. टाळेबंदीच्या २०२० या वर्षी ते ५० टक्के करण्यात आले. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्यास मात्र ते मिळत नाही.

आपल्या घरात कोणी विमाधारक असल्यास त्याचा विमा क्रमांक, वेतनाच्या पावत्या आणि बँकेचे पुस्तक आजच एकत्र ठेवा. संकट आल्यावर कागद शोधण्यात दिवस जातात, आणि तेच दिवस उपासमारीचे असतात.

शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले असे असंख्य कष्टकरी अद्याप या छत्राबाहेर आहेत. त्यांच्यापर्यंत ते पोहोचविणे हे पुढील कार्य होय. तोवर एवढे तर आपण करू शकतो: काम गेलेल्या शेजाऱ्याकडे, आजाऱ्याकडे जातो त्याच आस्थेने जाऊ या.