विचाराला उलट उत्तर

एव्हाग्रियसच्या आठ विचारांची यादी गेल्या भागात मांडल्यानंतर एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ यांचे विचार आयुष्यभर वाळवंटात प्रार्थना करणाऱ्या साधूच्याही मनात येत असतील, तर मनात आलेला प्रत्येक दुष्ट विचार पापच मानायचा काय, आणि तसे मानले तर पापावर जय मिळवला असे कोणाविषयी म्हणता येईल? हा प्रश्न ख्रिस्ती साधनेच्या गाभ्याशी भिडणारा असल्यामुळे या आठवड्याचा संपूर्ण भाग त्यालाच देणे योग्य ठरेल.

उत्तराचा पाया शुभवर्तमानातच आहे. बाप्तिस्म्यानंतर येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला आणि तेथे सैतानाने त्याच्यापुढे तीन मोह ठेवले, ही हकीकत मत्तय व लूक या दोघांनीही दिली आहे; आणि येशूची सर्व बाबतींत आपल्यासारखीच परीक्षा झाली तरी तो निष्पाप राहिला, अशी ग्वाही इब्री लोकांस लिहिलेले पत्र देते. मोह समोर उभा राहणे हेच पाप असते, तर या ग्वाहीला काही अर्थ उरला नसता. मात्र डोंगरावरील प्रवचनात, परस्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे तोच येशू सांगतो, आणि सश्रद्ध माणूस बहुधा याच वाक्यापाशी हताश होतो. या प्रवचनावर भाष्य लिहिताना ऑगस्टीनने येथे एक महत्त्वाचा भेद दाखवला : नजर जाताच इच्छा चाळवणे निराळे आणि ती इच्छा जागवण्यासाठीच नजर टाकणे निराळे. सूचना, तिच्यातून वाटणारे सुख आणि त्या सुखाला मनाने दिलेली संमती अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या असून पाप पूर्णत्वाला जाते ते संमतीपाशी.

सातव्या शतकात सीनाय पर्वतावरील मठाचा प्रमुख असलेल्या योहान क्लिमाकस याने हीच वाट अधिक बारकाईने मोजली. त्याच्या ‘शिडी’ या ग्रंथात प्रथम येते ती चाहूल, म्हणजे मनात उमटलेली नुसती प्रतिमा किंवा शब्द, आणि तिला तो पूर्णपणे निर्दोष ठरवतो; त्यानंतर त्या प्रतिमेशी मनाने सुरू केलेले संभाषण, मग आनंदाने दिलेला होकार, मग मनाला बळेच ओढून नेणारा बंदिवास, मग बरोबरीच्या ताकदीची झुंज, आणि शेवटी दीर्घ सवयीने आत्म्यात मुरलेला विकार. यातील संभाषणाची पायरी सर्वांत विचार करण्याजोगी आहे, कारण तेथे माणूस अजून मोकळा असतो, तरी आपण फक्त विचारपूस करत आहोत अशी स्वतःची समजूत घालत तो होकाराच्या दिशेने निघालेला असतो.

एव्हाग्रियसचे सारे कौशल्य याच जागेसाठी आहे. इ.स. ३९९ मध्ये इजिप्तच्या केल्लिया या वस्तीत मरण पावलेल्या या साधूने ‘प्राक्तिकोस’ या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले की, विचारांनी आत्म्याला त्रास द्यावा की न द्यावा हे आपल्या हातात नाही. त्यांनी आत मुक्काम ठोकावा की नाही, एवढेच आपल्या हातात आहे. त्यासाठी त्याने ‘अँतिर्हेतिकोस’ हा दुसरा ग्रंथ रचला. या नावाचा अर्थ उलट उत्तरांचा संग्रह. आठ विचारांसाठी आठ भाग, प्रत्येक भागात विचाराचा एकेक डाव नेमक्या शब्दांत नोंदवलेला आणि त्याच्यासमोर पवित्र शास्त्रातील एक वचन. द्रव्यलोभ साधूला सोन्याचे ढीग दाखवत बसत नाही. म्हातारपण लांबेल, हात थकतील, दुष्काळ पडेल, दुखणी येतील आणि दुसऱ्यांपुढे हात पसरण्याची लाज वाट्याला येईल, असे तो त्याला समजुतीच्या सुरात सांगतो. मोह इतका शहाणा वाटतो म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे धोक्याचे, आणि म्हणून उत्तर थोडके व आधीच तयार हवे.

हा नमुना येशूचाच आहे, कारण अरण्यात त्याने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातून घेतलेली आहेत. एव्हाग्रियसने त्यात एका धीट सूचनेची भर घातली : मोह आला की प्रार्थनेला बसण्यापूर्वी त्या मोहावर रागाने दोन शब्द बोलावेत, कारण विचारांनी गढूळ झालेल्या मनाची प्रार्थना शुद्ध नसते आणि क्रोधाचा झपाटा त्या विचारांना उधळून लावतो. माणसाला क्रोध दिला आहे तो भावावर ओतण्यासाठी दिलेला नसून याच कामासाठी दिला आहे, ही त्याची शिकवण आजच्या पापविवेचनात क्वचितच आढळते, आणि ते आपले मोठे नुकसान आहे.

येथे एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. मंदिराच्या माथ्यावर सैतानानेही स्तोत्रसंहितेतील एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचाच आधार दिला होता, तेव्हा वचनाच्या केवळ उच्चारात तारक शक्ती आहे असे मानता येणार नाही. एव्हाग्रियसच्या संग्रहातील सगळी वचने शत्रूला उद्देशून नाहीत. काही स्वतःच्या आत्म्याला धीर देणारी आहेत आणि काही थेट प्रभूकडे केलेला धावा आहेत. झुंजणारा एकटा नाही, हा विश्वासच त्या उत्तरांना बळ देतो, आणि नुसत्या मनोनिग्रहापासून ही साधना वेगळी होते ती येथेच.

होकार देऊन झाला असेल तर काय, हा वाचकाच्या प्रश्नाचा न विचारलेला अर्धा भाग आहे. योहान कॅसियनने साधूंच्या संवादांत सेरापियोनची हकीकत दिली आहे. लहानपणी तो रोज जेवणानंतर एक सुकी भाकर अंगरख्यात लपवून ठेवी आणि गुरूच्या नकळत खाई. खाताना जितके सुख होई त्याहून अधिक यातना पुढे होत, तरी दुसऱ्या दिवशी हात पुन्हा भाकरीकडे जाई. एकदा खादाडपणावर आणि लपवलेल्या विचारांच्या सत्तेवर गुरूचे बोलणे चालू असताना त्याला रडू कोसळले, त्याने भाकर बाहेर काढून सर्वांसमोर ठेवली आणि क्षमा मागितली. गुरूने त्याला शिक्षा केली नाही. आपण एक शब्दही न बोलता तुझ्या कबुलीनेच तुला सोडवले, असे त्याने सांगितले, आणि ती ओढ पुन्हा कधीही परतली नाही असे सेरापियोन पुढे म्हातारपणी सांगत असे.

या विस्तारामुळे आळसाच्या, म्हणजे ‘दुपारच्या सैताना’च्या विवेचनाला या वेळी जागा उरली नाही. ते पुढील आठवड्यात येईल आणि त्याची सुरुवात कॅसियनपासूनच होईल, कारण इजिप्तमधील ही शिकवण गॉलमधील मठांपर्यंत त्यानेच नेली.